लिफ्टच्या आत कोण होतं

मामांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांना एकाएकी वाटलं, की आपल्या गोष्टी जगाला ऐकवाव्यात. मी रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते, म्हणून त्यांना पॉडकास्ट शिकवायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

रविवारी दुपारी मी दोन माइक घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत टाळी वाजवून पाहिली, तर आवाज घुमत होता. आतल्या खोलीत जाड पडदे, गादी आणि कपड्यांचं उघडं कपाट होतं.

"कपाटाकडे तोंड करून बसा. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही."

"म्हणजे चाळीस वर्षांचा अनुभव मी शर्टांना सांगायचा?"

"शर्ट मधेच उठून जात तरी नाहीत," मामी म्हणाली.

मी पंखा बंद केला. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवला, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना त्यावर फुंकर बसत नाही. "आणि समोर हजार माणसं आहेत असं समजू नका, मामा. एकच आहे असं समजा."

लाल दिवा लागला. मामांनी कागद सरळ केला. "सन्माननीय श्रोतेहो! उद्वाहन हे आधुनिक मानवाचे..."

"उद्वाहन?" मामीने विचारलं. "जन्मभर लिफ्ट म्हणालात की!"

तीन वेळा केलं, तिन्ही वेळा मामा निवडणुकीला उभे राहिल्यासारखे बोलले. शेवटी मी कागद काढून घेतला आणि दुसरा माइक मामीपुढे ठेवला. "तू विचार, मामा तुला सांगतील. ते अडकलेल्या बाईचं विचार ना, मामांनी दीड तास बोलून जिला धीर दिला होता."

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मामी गालातल्या गालात हसली. मामा मला डोळ्यांनी 'नको, नको' खुणावत होते.

"विचारते की. तर सांगा, लिफ्टच्या आत कोण होतं?"

"एक व्यक्ती होती."

"त्या व्यक्तीच्या हातात पाना होता का?"

मामा गप्प. बराच वेळ गप्प.

"मी होतो," ते म्हणाले. "नवीनच लागलो होतो कामाला. दुरुस्त करायला आत शिरलो आणि दोन मजल्यांच्या मधे अडकलो. वर अंधार."

"मी त्याच इमारतीत टेलिफोन ऑपरेटर होते," मामी माइककडे सरकली. "लिफ्टमधून फोन आला, 'बाई, ठेवू नका हं फोन.' दीड तासात मला यांचे शाळेतले मार्कसुद्धा कळले."

"गाणंही म्हणायला लावलंस."

"मी? तुम्ही आपणहून म्हणालात. तेही बेसूर!"

"मग आम्हाला उलटं का सांगितलंत?" मी विचारलं.

"हिच्या वडिलांना काय सांगणार? होणारा जावई लिफ्टमध्ये रडत होता म्हणून?"

"रडत होता हे तर मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं," मामी म्हणाली.

मामांचे कान लाल झाले. "पूस ते सगळं."

"आधी पूर्ण ऐकायचं, मग कापायचं. हा दुसरा धडा."

हेडफोन लावून ते कुरकुरत ऐकू लागले. मामीच्या पान्याच्या प्रश्नाला हसू दाबताना त्यांचे खांदे हलले. नंतरची शांतता आली तेव्हा मी कापू का म्हणून विचारलं.

"राहू दे. तिथे मी धीर गोळा करतोय."

आम्ही फक्त खोकला आणि उद्वाहन कापलं.

आठवड्याभरात सव्वीस जणांनी तो भाग ऐकला. त्यातले निम्मे नातेवाईकच, आणि त्यांनी मामांना फोन करून भंडावून सोडलं. पण कुठल्याशा अनोळखी लिफ्ट मेकॅनिकनेही लिहिलं होतं, 'मी तीनदा अडकलोय. घरी अजून कुणालाच माहीत नाही.'

लगेच मामांचा मला फोन. "या माणसाला बोलवायचं, तर तिसरा माइक लागेल का गं?"

मागून मामीचा आवाज आला, "प्रश्न मीच विचारणार, सांगा तिला!"