झेंडूचे पाणी आणि गाडीची चावी

वाचकहो, एका जुन्या गाडीत नेमका कोणता बिघाड होता, आणि तो शोधता शोधता एका पुत्राला आपल्या वडिलांपुढे मान खाली का घालावी लागली, याचे यथामती निवेदन पुढील कथेत करीत आहे. आपण ते शांत चित्ताने वाचावे, ही नम्र विनंती.

भातकुलीजवळच्या मळ्यात झेंडू पिकविणारे पंजाबराव आणि त्यांचा मुलगा धर्मेंद्र यांच्यापाशी पेट्रोलवर चालणारी एक जुनी व्हॅन होती. ती पंजाबरावांनी मोठ्या हौसेने घेतली होती, आणि अमरावतीच्या फूलबाजारात माल नेण्याचे काम ते स्वतःच करीत. बाजारात त्यांना सारे ‘गाडीवाले पंजाबराव’ म्हणत. एवढ्या नावावर म्हातारा खूश असे.

यंदा धर्मेंद्राने एक नवी रीत काढली होती. पंजाबराव फुले संध्याकाळी शिंपडून ताडपत्रीवर पसरून ठेवीत आणि सकाळी निथळलेली भरीत. धर्मेंद्राला ते वेळखाऊ वाटे. तो पोती गाडीत रचून झाली की वरून बादलीभर पाणी ओती. फुले बाजारात टवटवीत उतरत, आणि फुलांची ठोक खरेदी करणाऱ्या बेबीताई त्याचे कौतुक करीत.

त्याच सुमारास गाडीने दगा देण्यास आरंभ केला. चालता चालता आचका देऊन ती बंद पडे, आणि काही वेळ उन्हात उभी राहिली की जणू काही घडलेच नाही अशी सुरू होई. गॅरेजवाल्या पिंटूने फिल्टर बदलला, अखेर इंजिनाला पेट्रोल पोचविणारा टाकीतला पंपही नवा बसविला. त्याने एक खूणही सांगून ठेवली. चावी फिरविताच मागून पंपाची क्षणभर गुणगुण ऐकू यावी. ती आली नाही, तर पंपाला वीज पोचत नाही असे समजावे. तथापि गॅरेजात ती गुणगुण दर वेळी आली. रिकामी गाडी तेथे एकदाही रुसली नाही, त्यामुळे पिंटूही बुचकळ्यात पडला.

नव्या पंपानंतरही गाडी बंद पडली, आणि माल बाजारात उशिरा पोचला. धर्मेंद्र मागून मोटारसायकलने आला होता. बेबीताई आणि चार व्यापारी उभे असता त्याने वडिलांपुढे हात पसरला.

“चावी द्या, बाबा. गाडीत काई खराबी नाही. तुमचा पायच क्लचवर बरोबर पडत नाही आता.”

कोणीतरी हसले. पंजाबरावांनी एकदा आपल्या पायाकडे पाहिले, चावी काढून दिली आणि ते एसटीने घरी गेले.

त्यानंतर धर्मेंद्रच गाडी नेऊ लागला. पहिल्याच फेऱ्यांत ती त्याच्याही हातात बंद पडली. त्याने घरी पंक्चर झाल्याचे सांगितले, आणि वडिलांनी ते खरे मानले. खोटे इतके सहज पचले, याचेच त्याला वाईट वाटले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो काठोकाठ झेंडू भरून निघाला. वाटेत गाडीने पुन्हा आचका दिला. त्याने चावी फिरविली. मागून गुणगुण आली नाही. ह्या वेळी मात्र तो उन्हात वाट पाहत बसला नाही. मागची पोती त्याने रस्त्याच्या कडेला उतरविली आणि खालची फळी उचलली. पंपाकडे जाणाऱ्या वायरीचा जोड तेथे होता. जोडावर हिरवट गंज चढला होता, झेंडूच्या कुजक्या पाकळ्या चिकटल्या होत्या, आणि फळीच्या फटीतून त्यावर थेंब थेंब पाणी गळत होते.

त्याने जोड सोडविला, गंज खरवडला, सदऱ्याच्या टोकाने पुसून घट्ट बसविला. चावी फिरविताच पंप गुणगुणला. ते पाणी कोणाच्या हातचे होते, हे त्याला विचारावे लागले नाही.

माल पोचवून तो घरी आला. अंगणात बाजेवर पंजाबराव एकटेच बसले होते. समोर एक वीट आडवी ठेवून ते तिच्यावर डावा पाय दाबत होते आणि हळूच सोडत होते. पुन्हा दाबत, पुन्हा सोडत. मुलाला पाहताच त्यांनी वीट बाजेखाली सारली आणि पायाला मुंग्या आल्याचे सांगितले. धर्मेंद्र सारे सांगून टाकण्याच्या विचाराने आला होता. अंगणात हळू आवाजात कबुली देऊन भागणार नाही, हे त्याला उमगले. चावी त्याने चारचौघांत घेतली होती.

दसऱ्याच्या पहाटे त्याने फुले निथळलेलीच भरली आणि वडिलांना शेजारी बसण्याची विनंती केली. ते नको म्हणत होते, पण आले. बाजारात तेच व्यापारी होते. बेबीताईंनी विचारले की आज फुले कोरडी कशी. धर्मेंद्राने मान वर केली नाही.

“ताई, त्या पाण्यानंच गाडी बंद पडत होती. वायरीचा जोड भिजे. पाणी मीच टाकत होतो, अन् नाव बाबाचं घेतलं. माह्या हातातही बंद पडली, मंग पंक्चर झालं म्हून खोटं बोललो.”

बेबीताई तराजू तसाच धरून म्हणाल्या, “मंग आता कोणाले सांगून राहिला? आमाले का त्याईले?”

तो वळला. चावी त्याने दोन्ही हातांनी पुढे केली, पण वडिलांच्या डोळ्यांत पाहणे त्याला जमले नाही. पंजाबरावांनी चावीकडे पाहिले.

“मंग माहा पाय बरोबर होता?” त्यांनी विचारले.

“बरोबर होता, बाबा.”

म्हाताऱ्याने चावी घेतली आणि तो गाडीत चालकाच्या जागी जाऊन बसला. धर्मेंद्र रिकामी पोती घेऊन मागे बसला. पुढच्या आसनावर बसण्याचा धीर त्याला झाला नाही. पंप गुणगुणला, क्लच दाबला गेला, आणि गाडी एकही आचका न देता भातकुलीच्या रस्त्याला लागली.

माझे शिक्षण अल्प असल्याने लेखनात उणिवा राहिल्या असतील, त्या आपण पोटात घालाव्या. येथवर सोबत केलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
शालिकराम गुलाबराव वानखडे, भातकुली