वाडगाभर पाणी

वसाहतीची राजधानी आमच्या गावातून, सेंट मेरीजमधून, अ‍ॅनापोलिसला गेली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी खानावळीची पाटी नव्याने रंगवून घेतली. गव्हर्नर गेला, विधानसभेचे सभासद गेले, त्यांचे घोडे गेले. पाटी मात्र झकास झाली. सेंट मेरीजमध्ये उरलं होतं ते जिल्ह्याचं कोर्ट. ते भरलं की आमच्याकडे सफरचंदाची दारू आणि कालवं खपायची. एरवी माश्या मारायच्या.

"हे गाव पोपच्या लोकांचं, असं वरच्या प्रॉटेस्टंटांच्या डोक्यात बसलंय," मामंजी म्हणायचे. "म्हणून राजधानी गेली. आपण कुणाच्या बाजूचे ते दाखवलं नाही, तर कोर्टही जाईल." शेरीफने कॅथलिकांच्या विटांच्या चॅपेलला कुलूप ठोकलं, त्या दिवशी मामंजींनी त्याला फुकट जेवू घातलं.

आमच्या गावची सुईण विनिफ्रेडबाई कॅथलिक. पण आम्हा प्रॉटेस्टंटांचीही निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली, माझा नवरासुद्धा. माझं पहिलं मूल निळं पडूनच बाहेर आलं. रडेना. आमचे पाद्री नदीपलीकडे गेलेले. "पाणी आणा," बाई म्हणाल्या आणि मामंजी स्वतः वाडगा घेऊन धावत आले. पाद्री नसला तर मरत्या मुलाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. त्यावाचून मूल जाऊ नये म्हणून बाईंनी त्याच्या कपाळावर पाणी घातलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची नावं घेतली आणि पाठ चोळत राहिल्या. पोर रडलं. मामंजींनी बाईंचे हात धरले. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत," म्हणाले.

पुढच्या कोर्टात त्यांनीच बाईंवर तक्रार केली. कॅथलिक बाईने प्रॉटेस्टंटाच्या नातवाला आपल्या धर्मात ओढलं म्हणून.

मी मागे बाळाला घेऊन बसले होते. न्यायाधीशांनी विचारलं, "ती काय म्हणाली?" मामंजींनी खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. आमचे पाद्री दर रविवारी तेच तर म्हणतात.

"आणि पाणी कुठून आलं?"

मामंजी बुटांकडे बघायला लागले. बाईंनी एकदा बाळाकडे पाहिलं. "मीच घेतलं," म्हणाल्या. "तिथेच होतं."

मलाही तोंड होतं. मी बाळाचं टोपडं नीट करत बसले.

बाईंना आमच्या खानावळीसमोरच्या लाकडी खोड्यात पाय अडकवून दिवसभर बसवलं. पुन्हा असं केलंत तर जिल्ह्याबाहेर, अशी तंबी दिली. त्या दिवशी खानावळ भरून गेली. ताटं नेताना मला खिडकीतून बाईंचे पाय दिसत होते. लाजेने मी त्या दिवशी जेवले नाही. मामंजी मात्र दोनदा वाढून घेऊन जेवले.

कोर्ट गेलंच शेवटी. दुसऱ्या गावी. रंगवलेल्या पाटीखाली आता आमच्याच कोंबड्या बसतात.

मी पुन्हा बाळंतपणात अडले, तेव्हा मामंजींनाच बाईंच्या दारात जावं लागलं. काय बोलले कोण जाणे, पण बाई आल्या. हेही पोर निळंच निघालं. या वेळी पाणी मागावं लागलं नाही. मामंजी वाडगा घेऊन खाटेशी उभे होते.

"घाला," पाठ चोळता चोळता बाई म्हणाल्या.

"मी?"

"मला बंदी आहे. शब्द येतात ना? कोर्टात चांगले म्हणाला होतात."

टोमणासुद्धा नव्हता त्यात. त्यांचं सगळं लक्ष पोराकडे होतं.

मामंजींनी बोटं बुडवली. "पिता," म्हणाले आणि तिथेच अडखळले.

"पुत्र," बाईंनी सांगितलं. लहान मुलाला शिकवावं तसं.

बाईंमागून एकेक शब्द म्हणत त्यांनी पाणी घातलं. निम्मं बाईंच्या हातांवर सांडलं. बऱ्याच वेळाने पोर रडलं. बाईंनी ते माझ्या कुशीत दिलं आणि हात पुसले. मामंजी ते हात धरायला पुढे झाले, थांबले आणि रिकामा वाडगाच घट्ट धरून उभे राहिले.