अर्धी जाळी

मला कुनी आडानी म्हनलं तर मी हसते. पर "जाळी अर्धीच बुजंल" असं कुनी म्हनलं की माझं टकुरं फिरतं. अजूनबी फिरतं.

मी बयाबाई. गाव वडूजच्या पल्याड, धनगराची जात, अर्धा जलम मेंढरामागं गेला. बहात्तरच्या दुष्काळात कळप इकला अन् वर्साच्या आत घरधनी गेलं. पोरगा सिद्धू आयटीआय शिकून लांब समुद्राकाठी अनुवीज केंद्रात फिटर लागला, अन् मी साताऱ्यात नाथाजीरावांच्या कारखान्यात शिलाईला. नाथाजीराव पल्टनीतनं सुभेदार हून आलेला मानूस. आवाज मोठा, पर मनानं वंगाळ न्हाई.

आमी शिवायचो पाइपांच्या गाद्या. मधी काचेची लोकर, वर जाड कापाड, दाभनानं टाकं. गरम पाइपाला ती गादी गुंडाळली की धग भाईर येत न्हाई. काम लय खाजरं. खोबरेल चोळून बसलं तरी सांजच्याला हातावर पुरळ उठायचं. शिवनाऱ्या बारा बायका अन् त्यांची मुकादमीन मी. मी गादी दाबून, वढून बघायची अन् मग तिला पत्र्याचा बिल्ला शिवायची. बिल्ला नसंल तर गादी गाडीत चढत नव्हती.

सत्याहत्तर साली सिद्धू दिवाळीला आला. म्या इचारलं, "आमच्या गाद्या तुज्याकडंच येत्यात म्हनं, तर तुजं काम नेमकं काय?" त्येनं पितळीत पानी घिऊन मला समजावलं. केंद्रातली भट्टी इझवली तरी तिची धग कैक दिवस जात न्हाई, पानी सारखं फिरतं ठेवावं लागतं. समजा एकांदा मोठा पाइप फुटला, तर पानी वरनं सोडायचं. ते खाली खड्ड्यात गोळा हुतं. खड्ड्याला जाळी, जाळीमागं पंप. पंप तेच पानी पुन्यांदा वर फेकतो. सिद्धूचं काम त्या खड्ड्याच्या अन् पंपाच्या मजल्यावर.

"अन् पानी थांबलं तर?" म्या इचारलं.

"थांबत न्हाई गं," म्हनला अन् करंजी खाल्ली.

तो गेला अन् तिसऱ्या दिवशी माझी मोरी तुंबली. ती दर आठवड्याला तुंबायचीच. कामाचं लुगडं धुतलं की काचेची लोकर पान्यासंगं जायची अन् मोरीच्या जाळीवर बसायची. थर केवढा, तर भाकरीच्या पापुद्र्याएवढा. त्यात जरा माती मिसळली की थेंब खाली उतरत नव्हता. नवी घोंगडी धुताना वढ्यातल्या काटक्यांवरबी असंच व्हायचं, ही गोष्ट मला ल्हानपनापास्नं ठावी. म्या हात घालून तो थर उचलला अन् उजेडाला धरून बघितला. फुटलेला पाइप आमची गादी काय सोडनार हाय? चिंध्या करनार. अन् ती लोकर पान्यासंगं जानार कुठं, तर सिद्धूच्या जाळीवर.

दुसऱ्या दिवशी म्या नाथाजीरावांना सांगितलं. ते म्हनले, "बयाबाई, तितं इलायतेत शिकल्याली मानसं बसल्यात. तू टाकं घाल."

"टाकं घालते. बिल्ला शिवनार न्हाई," म्या म्हनलं.

चारशे गाद्या तयार हुत्या. म्या एकीलाबी बिल्ला लावला न्हाई. नाथाजीराव चिडले, मग गोड बोलले, मग पुन्यांदा चिडले. चौथ्या दिवशी त्यांनी केंद्राच्या सायबालाच तार केली. सायेब जीपमदनं आला. मानसिंगराव त्याचं नाव, तीस-बत्तीसचा, डोळ्यावर चष्मा, बोलनं पुन्यातलं. पर माझ्याकडं बघून म्हनला, "काय मावशी, काय त्रास आहे?" अन् खुर्ची मला दिली. म्या बसले न्हाई.

कारखान्यामागं हात धुवायचा कट्टा हुता, खाली मोरी, मोरीला जाळी. म्या एक गादी कट्ट्यावर ठिवली, दाभनानं फाडली अन् बागेच्या नळीनं जोरात पानी सोडलं. ईस बादल्या पानी गेलं नसंल. मोरीनं पानी घेनं थांबवलं. पानी कट्ट्यावरनं सायबाच्या बुटापतोर आलं अन् तो मागं सरला न्हाई, नुसता बघत हुभा ऱ्हायला.

"आम्ही हे धरलेलं आहे, मावशी," तो म्हनला. "जाळी निम्मी बुजली तरी पंप चालेल, असाच हिशेब केलेला आहे."

"निम्मी कुनी ठरवली?"

"तसा नियम आहे."

"आवं सायेब, लोकरीला कोन सांगनार हाय, की बाई, निम्म्यापतोर ये अन् मग थांब?" भोवती जमलेल्या बायका हसल्या. मला हसू आलं न्हाई. म्या इचारलं, "तुमचं गाव कंचं?"

"इस्लामपूरजवळ."

"म्हंजी ऊस. नदीवर मोटर असंल. मोटरच्या फुटवालाला, पान्यातल्या त्या जाळीला, पाला गुंडाळला की तो निम्मा गुंडाळतो का सगळा?"

मानसिंगरावानं चष्मा काढून पुसला. मग हळू म्हनला, "सगळा. मी स्वतः बुड्या मारून काढलाय. मोटर नुसती हवा ओढते."

"मग हे लिवा की."

इतकं झाल्यावर तो कट्ट्यावर टेकला अन् माझ्याशी घरच्या मानसासारखं बोलला. "मावशी, ही एका ठिकाणची चूक असती तर मी आज लिहिली असती. पण अशा गाद्या, अशी जाळी आणि असाच निम्म्याचा हिशेब जगात सगळीकडे आहे. मी लिहिलं तर एक केंद्र नाही, सगळी केंद्रं तपासावी लागतील. वरचे मला विचारतील, जगातल्या सगळ्यांना कळलं नाही ते तुला कसं कळलं? मी काय सांगू?"

"साताऱ्याच्या मोरीत कळलं म्हनून सांगा."

नाथाजीराव मागं हुभं हुते. त्यांनी सायबाला बाजूला घिऊन कायतरी सांगितलं. सायबाचा चेहरा पडला, पर तो माझ्याकडं आला. "तुमचा मुलगा तिथं खालच्या मजल्यावर आहे, असं कळलं. मी त्याची बदली मुंबईच्या ऑफिसात करून देऊ शकतो. याच महिन्यात. मग तुम्हाला घोर राहणार नाही."

खोटं कशाला बोलू, माझं काळीज हाललं. सिद्धू माझा एकुलता. त्याची बायकू पोटुशी. मला ते खालचं अंधारं दालन दिसलं, अन् त्यात तो नसलेला दिसला, अन् लय बरं वाटलं. म्या दाभन हातात फिरवत ऱ्हायले. मग म्या इचारलं, "अन् त्येच्या जागी?"

"दुसरा कोणी येईल."

"त्यालाबी आय असंल."

"मावशी—"

"न्हाई. कळपात एक मेंढरू आजारलं की आमी त्या एकट्याला औशीद देत न्हाई, सगळ्या कळपाला देतो. माझं तेवढं काढून घ्यायचं अन् बाकी तसंच सोडायचं, हे आमच्यात करत न्हाईत. जाळी मोठी करा, न्हाईतर गादीवर पत्रा चढवा. पत्र्याची पेटी केली तर एक तंतू सुटनार न्हाई, आमी बसवून देतो. पर ह्या गाद्यांना बिल्ला लागनार न्हाई."

नाथाजीराव वरडले, "मग उद्यापास्नं येऊ नगंस."

"उद्या कशाला, आजच जाते," म्हनून म्या दाभन खाली ठिवलं. बिल्ल्यांचा डबा मातुर कमरेला लावून नेला. मानसिंगरावानं कागद काढला अन् हुभ्या हुभ्या लिवायला लागला. काय लिवलं मला वाचता येत न्हाई. गाद्या बिल्ल्याबिगर पडून ऱ्हायल्या येवढं मातुर खरं. पुढं म्हयन्यानं नाथाजीरावांनी नवा बिल्ला पाडला, दुसरी मुकादमीन बसवली अन् गाद्या गेल्या.

सिद्धू अवचित आला तो संक्रांतीच्या अगुदर. पिशवी टाकली अन् हुभ्यानंच इचारलं, "तू माझी बदली नाकारलीस?"

"व्हय."

"मला न इचारता?"

"तुला इचारलं असतं तर तू घेतली असतीस. पोटुशी बायकू हाय तुजी, कुनीबी घेतली असती. म्हनून इचारलं न्हाई."

तो लय रागावला. म्हनला, माझ्या जिवावर तू मोठी झालीस. ते मला लागलं, अन् म्या ते लागू दिलं, कारन त्येचं खोटं नव्हतं. म्या पितळीत भाकरी अन् वांग्याचं कालवन वाढलं. त्येनं निम्मी भाकरी खाल्ली.

मग त्येनं सांगितलं. मानसिंगरावाचा कागद वर गेला हुता, अन् वरनं उत्तर आलं हुतं: ही बाब सगळ्याच केंद्रांची असल्यानं एकट्या ह्या केंद्रानं कायबी करायचं कारन न्हाई. सायबानं ते उत्तर सिद्धूला गुपचूप वाचून दाखवलं. खालच्या मजल्यावर तिन्ही पाळ्यांत मिळून चाळीस मानसं काम करत्यात, अन् त्यातल्या एकालाबी हे ठावं न्हाई.

"मग तू त्यांना सांग," म्या म्हनलं.

"सांगितलं तर वरचे इचारतील, कागद कुनी फोडला. पाळीतनं काढतील. नोकरी जाईल, आये."

"माझी गेलीया," म्या म्हनलं अन् त्येच्या पितळीत दुसरी भाकरी टाकली. "खा. अजून हाईत."