रिकामे रकाने

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि दिवसपाळीला तीन सिस्टर. वॉर्डाची जबाबदारी जिच्याकडे होती तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या टोकाला गप्पा मारत बसलेले नातेवाईकही मुकाट उठून उभे राहत.

वरच्या मजल्यावर स्पेशल रूम सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक वॉर्डातली एक सिस्टर तिकडे नेली. उरलेल्या दोघींनी चाळीस जणांचं बघायचं. त्याच आठवड्यात नवा तक्ता आला. प्रत्येक खाटेला एक कागद अडकवायचा, दर तासाला नाडी, ब्लडप्रेशर, श्वास बघून रकान्यात लिहायचं आणि सही करायची. एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, असं परिपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. बाहेरून तपासणी समिती येणार होती आणि मॅनेजरसाहेबांना कागद भरलेले हवे होते.

मोठ्या सिस्टर मेट्रनबाईंकडे गेल्या. "एकाला चार मिनिटं धरली तरी चाळीस जणांची एकशे साठ होतात. दोघींत वाटली तर प्रत्येकीला ऐंशी. तास अजून साठच मिनिटांचा आहे, बाई. आणि इंजेक्शनं, सलाईन, औषधं कोण देणार?"

मेट्रनबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला कळत नाही का हे? पण वर ऐकतंय कोण. घ्या कसंतरी सांभाळून."

सांभाळून घ्यायचं म्हणजे काय करायचं, ते मोठ्या सिस्टरनीच ठरवलं. "आधी माणसं, मग कागद," त्यांनी जोडीच्या सिस्टरला सांगितलं. "बसायला मिळेल तेव्हा मागचे-पुढचे रकाने एकदम भरून टाक. ज्याचं बरं चाललंय त्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करायचे, झालं."

ही जोडीची सिस्टर म्हणजे चिमणी. नोकरीला दोन वर्षं झालेली, अंगाने एवढीशी, आणि तोंड अखंड चालू, म्हणून ते नाव पडलेलं. पेशंटनाही ती त्याच नावाने माहीत होती. चौदा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. न्यूमोनियातून उठत होते, दोन दिवसांत घरी जायचे होते. तिचा गणवेश बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "चिमणे, कुणी शिवलाय गं हा? खांदा पार कोपराकडे निघालाय. मला घरी जाऊ दे, उसवून नीट करून देतो."

"तोवर मी जाडी होईन ना, काका. मग आपोआप बसेल."

"या वॉर्डात राहून? उभ्या उभ्या जेवणारी माणसं जाडी होत नाहीत."

बरा होत आलेला पेशंट म्हणजे ज्याच्याकडे बघावं लागत नाही असा पेशंट. सगळा वॉर्ड त्याच हिशोबावर चालला होता.

त्या दिवशी सव्वा वाजता चिमणीने शिंपीकाकांना औषध दिलं. दीडला पाच मिनिटं मिळाली, तेवढ्यात तिने त्या रांगेतल्या सगळ्यांचे चार वाजेपर्यंतचे रकाने भरून टाकले. पावणेदोनला तीन नंबरच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर, मोठ्या सिस्टर आणि चिमणी, तिघंही त्याच्यापाशी अडकले. तो वाचला. साडेतीनला त्याला आयसीयूत हलवलं, मग दोघींनी चादर, फरशी, स्वतःचे हात धुतले आणि थांबलेली इंजेक्शनं सुरू केली.

चार वाजता भेटीची वेळ झाली. शिंपीकाकांची मुलगी धुतलेला सदरा आणि थर्मास घेऊन आली. शाळेत शिकवणारी, शांत बाई. थोड्या वेळाने ती टेबलापाशी आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, बाबांचा हात गार लागतोय."

डॉक्टरांनी तपासलं. बाजूला होऊन हळूच म्हणाले, "तास-दीड तास तरी झाला असावा." खाटेला तक्ता लटकत होता. तीन वाजता नाडी अठ्ठ्याहत्तर. चार वाजता शहात्तर. खाली चिमणीची सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. टेबलावर कोरा तक्ता होता. "हा नीट लिहून काढा," ते म्हणाले. "तीनपर्यंत ठीक, सव्वातीनला अचानक बिघडलं, सगळे प्रयत्न केले. नाहीतर जुना तक्ता आहे तसा चौकशीला जाईल. मग या मुलीचं काय होईल ते तुम्हीच बघा."

चिमणीने पेन उचललं. रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता. मोठ्या सिस्टरनी तिचं मनगट धरलं.

"नाही लिहायचं. साहेब, हिला तसं भरायला मी सांगितलं होतं. चौकशीत माझं नाव घाला. आणि चाळीस जणांना दोघी कुणी दिल्या, तेही घाला." साहेबांनी दोन्ही तक्ते कपाटात बंद केले; चौकशीचं नाव पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी घरी मोठ्या सिस्टर कोमट पाण्यात पाय सोडून बसल्या. नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. नखांतलं काळं ग्रीस खरवडत तो म्हणाला, "चारच वर्षं राहिली होती तुझी. मान खाली घालून काढायचीस."

"घातलीच होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हे झालं."

कपडे बदलायच्या खोलीत चार वॉर्डांतल्या अकरा जणी जमल्या. फार बोलणं झालं नाही. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं, बाकी रकाना रिकामा सोडायचा, एवढंच ठरलं. पहिल्या दिवशी मेडिकल वॉर्डात तीनशे वीस रकान्यांपैकी चौसष्ट भरले. पांढरे कागद खाटाखाटांवर लटकत होते. राऊंडला आलेले मोठे डॉक्टर ते चाळत पुढे गेले.

मॅनेजरसाहेब चिडले नाहीत. त्यांनी एकेकीला वेगळं बोलावलं. एकीचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. एकीला बहिणीच्या लग्नाची रजा हवी होती. एकीला बदलीचा कागद नुसता दाखवून परत खणात ठेवला. दहाव्या दिवशी अकरांतल्या तिघी उरल्या. ज्यांनी रकाने पुन्हा भरायला घेतले, त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. फक्त त्या डबा खायला दुसरीकडे बसू लागल्या.

बाराव्या दिवशी शिंपीकाकांची मुलगी मृत्यूचे कागद न्यायला आली आणि तिथून सरळ वॉर्डात आली. तिने मोबाईल पुढे केला. त्या दिवशी खाटेवरच्या तक्त्याचा तिने फोटो काढला होता.

"इथे चारची नाडी शहात्तर लिहिलीय. मी आले तेव्हा चारच वाजले होते. कुणी बघितलं होतं का त्यांना?"

चिमणी औषधांच्या कपाटाशी उभी होती. तिचे हात थांबले.

"नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सव्वा वाजता औषध दिलं तेव्हा बघितलं होतं. त्यानंतर कुणीच नाही."

"मग हे आकडे?"

"मनाने लिहिलेले. तसं लिहायला मी शिकवलं होतं."

"म्हणजे पावणेतीन तास."

"हो."

बाईने मोबाईल पर्समध्ये ठेवला. "माफी मागणार असाल तर नका मागू," ती म्हणाली. "हे लिहून द्याल?"

मोठ्या सिस्टरनी लिहून दिलं. दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद. वॉर्डात किती पेशंट, किती सिस्टर, परिपत्रक कुठल्या तारखेचं, सगळं. खाली पूर्ण सही.

त्या कागदाने चौकशी लागली. प्रत्येक वॉर्डाला तिसरी सिस्टर परत मिळाली आणि तक्ता दर चार तासांनी भरायचा ठरला. मॅनेजरसाहेबांची बदली झाली, बढतीवर झाली असं म्हणतात. अहवालात मनुष्यबळाच्या कमतरतेवर दोन ओळी होत्या आणि दोघींच्या निष्काळजीपणावर तीन पानं. मोठ्या सिस्टरना तळघरातल्या चादरींच्या स्टोअरला पाठवलं. चिमणीला काढून टाकलं.

महिन्याभराने एका सुटीच्या दुपारी मोठ्या सिस्टर तिच्या घरी गेल्या. दार आईने उघडलं. "आत आहे," ती म्हणाली, "पण बोलत नाही हो. घरात आवाजच नाही."

चिमणी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मोठ्या सिस्टर शेजारी बसल्या. दुसऱ्या दवाखान्यात जागा निघाल्यात, त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही.

मग ती म्हणाली, "काकांनी हाक मारली असेल का हो?"

मोठ्या सिस्टरना पटकन नाही म्हणता आलं असतं. पेशंटच्या नातेवाइकांना त्यांनी बावीस वर्षं तसं सांगितलं होतं, झोपेत गेले, काही कळलं नाही त्यांना.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

चिमणीने डोळे मिटले. तिच्या आईने चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला, आणि मोठ्या सिस्टर संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिल्या.