धक्क्यावर घर निवडू नका

हे लिहिणारच नव्हतो. मागच्या वेळी लिहिलं त्याचं काय झालं ते गुरुवारी धक्क्यावर बघितलं. त्यानंतर फोन हातात घ्यायचीही लाज वाटत होती. पण माझा दोस्त विल्बर म्हणाला लिही, म्हणून लिहितोय.

आमच्या बेटावर हॉटेल नाही. तळ्यापलीकडच्या पुनो शहराहून लाँच येते, पाहुणे आमच्या घरांत राहतात, आणि कुणाच्या घरी ते पाळीने ठरतं. प्रमुख वही उघडतो, नाव वाचतो, त्या घरची बाई पाहुण्यांना घेऊन जाते. दीड महिन्याने एकदा पाळी येते. लागोपाठ तीन पाळ्या रिकाम्या गेल्या की घर वहीतून बाद. पाहुण्यांना उपाशी ठेवणाऱ्या आळशांसाठी केलेला नियम आहे तो.

बेनिता काकींसाठी नाही. विल्बरची आई त्या. त्यांच्या हातचं सूप खाऊन मी मोठा झालोय.

तर मी प्रवाशांसाठी एक पान लिहिलं होतं. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. पाहुण्यांशी बोलून आणि त्यांनी टाकून दिलेली पुस्तकं वाचून आलं. पानात साध्याच गोष्टी. पहिल्या दिवशी चढ चढू नका, हवा विरळ आहे, जोर दाखवणारेच आधी ओकतात. डोकं दुखलं तर मुन्या नावाच्या झुडपाचा पाला गरम पाण्यात टाकून प्या. पोरांना गोळ्या वाटू नका, इथे दातांचा डॉक्टर नाही. आणायचंच तर तांदूळ, तेल, फळं आणा. फोटो विचारून काढा. टोपी घालून झोपा, आम्हीही तसंच झोपतो.

आणि सगळ्यात वर, पहिली ओळ: धक्क्यावर घर निवडू नका. ज्यांची पाळी असेल त्यांच्याबरोबर जा.

पुनोतून लाँच भरून पाठवणारा एफ्राइन म्हणाला, छान लिहितोस रे, दे, छापून प्रत्येकाच्या हातात देतो. मी दिलं. खोटं कशाला बोलू, लई खूश झालो. आईला चारदा सांगितलं.

गुरुवारी बेनिता काकींची पाळी होती. आधीच्या दोन रिकाम्या गेलेल्या. पाहुणे उतरायचे, मान हलवायचे, दुसऱ्याच घरी जायचे. का ते कळेना. काकींना वाटलं, आपलं घर त्यांना घाण वाटतं. म्हणून या वेळी त्यांनी खोलीला चुना काढला. विल्बरने छपराचा पत्रा बदलला. सकाळपासून चुलीवर किन्वाचं सूप. ठेवणीतलं भरतकामाचं पोलकं घालून काकी दोन तास आधीच धक्क्यावर उभ्या.

लाँच लागली. चौघे उतरले. यंदाचे प्रमुख नासारियो काका, त्यांनी वहीतून वाचलं, "बेनिता किस्पे."

काकी पुढे झाल्या. चौघांतल्या उंच माणसाने खिशातून कागद काढला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाला, "देल्फीना." वाईट माणूस नव्हता तो. तेच जास्त लागलं.

देल्फीना गर्दीत मागे होती. तिच्याकडे गरम पाण्याचा नळ आहे. "मी बोलावलं नाही," ती म्हणाली. "काकी, शपथ, मी कुणाला बोलावलं नाही."

काकी पोलक्याची बाही खाली ओढत राहिल्या.

मी त्या माणसाकडून कागद घेतला. माझंच पान. पहिली ओळ गायब. तिच्या जागी लिहिलेलं: पसंतीचं घर निवडा, देल्फीनाकडे गरम पाणी आहे आणि खिडकीतून तळं दिसतं. आणि खाली माझं नाव. रुफीनो हुआंका, बेटाचा रहिवासी.

एफ्राइन लाँचमध्येच बसला होता, संत्रं सोलत.

"हे काय केलंत तुम्ही?"

"सुधारलं. लोकांना पसंती लागते, रुफीनो. बाजारात बटाटा चाचपून घेत नाहीस?"

"काकी बटाटा आहेत का?"

"चिडतोस काय? नाव ठेवलंय की तुझं."

"तेच काढायचं होतंस." पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं.

"वेडा आहेस का? बेटावरचा पोरगा सांगतोय म्हणून तर ऐकतात."

माझं डोकंच फिरलं. माझी ओळ नको, माझं नाव हवं. त्याच्या शेजारचं कागदांचं पुडकं उचललं आणि तळ्यात भिरकावलं.

तो उठलाही नाही. "अजून आहेत," म्हणाला, आणि फोड तोंडात टाकली.

मागे नासारियो काकांनी वहीवर पेन टेकवलं. "तीन झाल्या."

"काका, थांबा. मी असं लिहिलं नव्हतं."

"नाव तर तुझंच आहे."

"त्याने बदललं."

"मग छापून आल्यावर वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. ते पान आमच्याच भिंतीवर चार महिने लावलेलं आहे. मी फक्त खालचं नाव बघितलं होतं. एफ्राइनवर जितका भडकलोय ना, त्याच्या दुप्पट या गोष्टीवर भडकलोय.

काकांनी वहीचं पुढचं पान उलटलं. "पुढच्या गुरुवारी तुमची, हुआंकांची पाळी आहे. ती बेनिताला द्या. तीही रिकामी गेली तर मी नाव खोडणार. माझ्यापुढे दुसरा इलाज नाही."

"दिली," गर्दीतून माझी आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पाहुणे देल्फीनाकडे गेले. मी घरी पळणार होतो, तर काकींनी हाक मारली. "रुफीनो, जेवून जा. चौघांचं केलंय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खाली मान घालून सूप प्यायलो. नव्या चुन्याचा वास येत होता. विल्बर समोर बसला होता, चमचा न उचलता.

"भारी लिहितोस म्हणे," तो म्हणाला. "तुझ्या आईने सगळ्या बेटाला सांगितलंय."

"विल्बर..."

"सॉरी म्हणू नकोस, त्यापेक्षा हे सूप तरी उपयोगाचं. तू लिही. खरं काय झालं ते लिही, आणि मग काय करणार ते पण लिही."

तर ऐक, विल्बर. येत्या गुरुवारी लाँच लागायच्या आधी मी धक्क्यावर असेन. उतरणाऱ्या प्रत्येकाला पहिली ओळ तोंडावर सांगेन, त्याच्या भाषेत. ज्याच्या हातात एफ्राइनचा कागद असेल, त्याच्यासमोर त्यावरचं माझं नाव खोडेन. आणि चार पाहुणे तुझ्या आईच्या चुलीपाशी बसून जेवेपर्यंत, विल्बर, मी घरी जाणार नाही.