वळणाबाहेरची सावली

“स्वप्ना, डांबरावर सॉलिड ॲक्सल नको गं. सरळ पळेल, पण वळणावर ऐकणार नाही.”

नवऱ्यानं, गणराजनं, कंपनीचे बूट चढवता चढवता सांगितलं होतं. चाकणची बस गाठायची म्हणून तो घाईत, आणि स्वप्नाली हट्टाला पेटलेली.

“मेकॅनिकलची डिग्री मी काय खिमट ढवळायला घेतली?”

“बरं बाई. गाडी तुझी, तू बघ.”

गाडी तिचीच होती. हातभर लांबीची, रिमोटची, नायट्रो इंधनावर पळणारी. कॉलेजात तिनं त्या गाडीवर स्पर्धा मारल्या होत्या. लेक मिनल झाल्यापासून ती माळ्यावर पडून. खाली काढली तर मागच्या डिफरन्शियलचे दात गेलेले. आता पुन्हा तेच बसवायचं, म्हणजे वळताना दोन्ही चाकं आपापल्या वेगानं फिरतील. की दोन्ही एकाच दांड्यावर जखडणारा सॉलिड ॲक्सल? निगडीच्या दुकानदारानं दोन्ही समोर ठेवले. सुटताना झेप कशानं मिळते ते तिला ठाऊक होतं. इतके महिने घरात कोंडलेल्या बाईला झेपच हवी होती. तिनं सॉलिड उचलला.

खंडेनवमीला चऱ्होलीतल्या त्यांच्या सोसायटीत पान्यांपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा झाली. शेजारच्या कुसुमताईंनी या गाडीलाही झेंडू वाहिला. “हिला लायसन लागतं का गं, लेकरा?”

मग मागच्या रिकाम्या रस्त्यावर सगळे जमले. स्वप्नालीनं खडे झाडले, पोरांना दोरीमागे उभं केलं. मिनलला ऊन लागेल म्हणून बाबागाडी मात्र वळणाबाहेरच्या सावलीत लावली, कुसुमताईंजवळ. गाडी वळणारच होती ना!

सुटली तेव्हा शिट्ट्या पडल्या. वळणावर पुढची चाकं वळली. मागची जखडलेली दोन्ही गाडीला सरळच ढकलत राहिली. तिनं वेग सोडला तोवर गाडी सावलीत शिरली होती. कुसुमताईंनी बाबागाडीपुढे डावा पाय घातला.

मिनल झोपेतून जागीसुद्धा झाली नाही.

कुसुमताईंना तापल्या सायलेन्सरनं घोट्याजवळ भाजलं, अंगठ्याचं नख उचकटलं. “मुंगी चावल्यावानी झालं,” त्या म्हणाल्या. लेकाला, दिग्विजयला, पायरीवर ठेचकाळले म्हणून सांगितलं. “खरं सांगितलं तर तुझी गाडी फोडंल तो.”

 

कुसुमताईंना साखरेचा आजार आहे, जखम लवकर भरत नाही. आता त्या घरातही मोजे घालतात. स्वप्नाली डबा घेऊन गेली की लुगड्याचा काठ पायावर ओढतात. तिनं दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, उद्या. शेवटी तिनं दिग्विजयला खरं काय ते सांगून टाकलं. गाडी फोडणं राहिलं बाजूला, तो हताश होऊन म्हणाला, “वहिनी, मलाही दाखवत नाही ती. म्हणते बरं झालं.” मोज्याला वास येतो, हे स्वप्नालीनं त्याला सांगितलं.

जखम पाहिली तर ही पोर रडेल, एवढीच त्या म्हातारीला धास्ती. परक्यापुढे ती धास्ती नसेल. म्हणून स्वप्नालीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. चऱ्होलीकडे येणं झालं, तर दुपारी कुसुमताईंचं दार वाजवा. चहा घ्या, हसवा त्यांना. पण डावा मोजा काढायला लावल्याशिवाय उठू नका.