कोटिंग सुकेपर्यंत

स्वप्नीलची गाडी आली तेव्हा स्वप्नीलला जाऊन महिना उलटला होता.

शोरूममधल्या मुलीने फोनवर अडखळत विचारलं होतं, बुकिंग रद्द करायचं का. श्रुती ‘हो’ म्हणणारच होती, पण सासऱ्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. “गाडी येऊ द्या,” रघुनाथ चुरी म्हणाले. “माझ्या नावावर करा. रंग मात्र तोच. त्याने सांगितलेला.”

त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. डहाणूकडून सिल्वासाच्या शाळेत मराठी शिकवायला आले, सामरवरणीत घर बांधलं, निवृत्त झाले, ते सगळं एका स्कूटरवर. चारचाकीचा हट्ट त्यांच्या बायकोचा, कुसुमताईंचा होता. मुलगा गलोंड्याच्या सूत कारखान्यात इंजिनीयर, पाळ्या बदलत्या, रस्त्यावर डंपर आणि ट्रेलर. “तुझी मोटरसायकल दारात वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो,” त्या म्हणायच्या. शेवटी त्याने गडद निळ्या रंगाची गाडी बुक केली. गाडीला वेटिंग होतं. त्या वेटिंगच्या काळातच एका सकाळी रात्रपाळी संपवून येताना मागून डंपर आला.

गाडी आली त्या दिवशी ना हार, ना पेढे. शोरूमचा माणूस किल्ली देऊन खाली मान घालून निघून गेला. कुसुमताई बाहेर आल्याच नाहीत. रघुनाथराव गाडीभोवती फिरले, मग काचेवरचा बोटाचा एक ठसा पुसला आणि म्हणाले, “आधी फिल्म, मग सिरॅमिक. असंच म्हणायचा ना तो?”

“हो, बाबा,” श्रुती म्हणाली. स्वप्नील महिनोन्‌महिने रात्री पडल्या पडल्या ते व्हिडिओ बघायचा. इथे कारखान्यांची धूळ आहे, वर्षात रंग मरतो, असं तिला समजावून सांगायचा. ती हसायची. गाडी अजून यायचीय आणि तू तिचं आजारपण काढतोयस, म्हणायची.

श्रुती नाशिकची. माहेरी वडिलांची टेम्पो ट्रॅव्हलर होती, तिच्यावर ती लग्नाआधीच गाडी शिकली होती. म्हणून गाड्यांना फिल्म लावणाऱ्या ललितच्या दुकानापर्यंत निळी गाडी तिने नेली. रघुनाथराव शेजारी बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला डॅशबोर्ड धरत होते.

ललितचं दुकान मेन रोडला होतं. आत पांढऱ्या ट्यूबलाइट, ओली फरशी, साबणाच्या पाण्याचा वास. पारदर्शक, जाडसर फिल्म गाडीच्या अंगावर पाण्यावर तरंगत ठेवायची, रबरी पट्टीने पाणी निपटून काढायचं, कडा आत दुमडायच्या. मग त्याच्यावर सिरॅमिकचं कोटिंग, बाटलीतून थेंबाथेंबाने, कापडाने पुसत. “दगड उडाला तरी रंगाला लागणार नाही,” ललित म्हणाला. “लागेल ते फिल्मला.”

रघुनाथराव रोज डबा घेऊन जायचे आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. गाडी आणायला श्रुती गेली तेव्हा ललितने तिला बाजूला बोलावलं.

“भाभी, काका दिवसभर बसून असतात. बॉनेटवर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा राहिला होता, तर आख्खी शीट काढायला लावली. माझी तक्रार नाही. पण गाडी फिरवायला घेतलीय ना?”

“हो, म्हणजे काय,” श्रुती म्हणाली. आपण खोटं बोलतोय हे बोलतानाच तिला कळलं.

“आठवडाभर पाणी नको, धूळ नको,” ललितने जाताना बजावलं. “कोटिंग सुकू दे. मग बिनधास्त चालवा.”

आठवडा झाला. गाडी शेडमधून हलली नाही. वर कापडी कव्हर, खाली चाकांना लाकडी ठोकळे. सकाळी चहा झाला की रघुनाथराव कव्हर काढायचे, बॅटरी उतरू नये म्हणून जागच्या जागी इंजिन चालू करून बंद करायचे, मऊ कापडाने गाडी पुसायचे आणि कव्हर घालायचे. दुपारी पुन्हा. श्रुती रांध्याला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती. कंपनीची बस बंद झाली, दोन रिक्षा बदलून जावं लागायला लागलं, तेव्हा तिने विचारलं, “बाबा, मी गाडी नेऊ का?”

“तिकडे उन्हात उभी राहील.”

“झाडाखाली लावीन.”

“झाडाखाली पक्षी असतात,” ते म्हणाले आणि पेपर उघडला.

पुढे एकदा त्यांना मागच्या दारावर चमक कमी वाटली. ललित घरी येऊन आणखी एक थर देऊन गेला. मग पुन्हा आठवडाभर पाणी नको, धूळ नको. ते संपलं की दुसरीकडे कुठेतरी चमक कमी वाटायची. ललितने शेवटी शेवटी सांगून पाहिलं की काका, आता याच्यावर काही चढणार नाही. पण ते ऐकत नव्हते, आणि म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं ललितला जमत नव्हतं.

कुसुमताईंनी वर्षभरात त्या गाडीला हात लावला नाही. फक्त एकदा, जेवताना, त्या वाटीकडे बघत म्हणाल्या, “गाडी पोराच्या जिवासाठी घेतली होती. आता गाडीचाच जीव जपायचा का, अहो?”

रघुनाथराव हात धुवायला उठून गेले. पानात भात तसाच होता.

श्रुतीला आईवडील नाशिकला बोलावत होते. नोकरी तिकडेही मिळाली असती. पण रात्री ती आणि कुसुमताई एकाच खोलीत झोपायच्या, आणि झोप लागेपर्यंत कुसुमताईंचा हात तिच्या मनगटावर असायचा. कोण कोणाला धरून होतं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. श्रुती राहिली.

त्या दिवशी लॅबमध्ये तिची पहिली पाळी होती. दुपारी ती घरी आली तेव्हा रघुनाथराव शेडमध्ये होते. सकाळीच ललित नवा थर देऊन गेला होता आणि ते कव्हर न घालता गाडीकडे बघत बसले होते.

“आईला जरा बरं नाही,” ते म्हणाले. “बारा वाजता जेवायला बसली तर हातातून पेला सुटला. पित्त असेल. झोपलीय.”

श्रुती आत गेली. कुसुमताई कुशीवर होत्या. तिने हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले, पण तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती. त्या काहीतरी बोलल्या. शब्द फुटलाच नाही, नुसता ओला आवाज आला.

“आई, हात उचला. उजवा.”

डावा उचलला. उजवा गादीवर पडून राहिला.

श्रुती धावत बाहेर आली. “बाबा, किल्ली द्या. हे पित्त नाही. अटॅक आहे, मेंदूचा. आत्ता न्यायला पाहिजे.”

रघुनाथराव उठले. चेहरा पांढरा पडला होता. ते आत गेले, बायकोकडे बघितलं, तिचा गाल थोपटला. “कुसुम, ए कुसुम.” मग ते किल्ली ठेवलेल्या कपाटाकडे गेले नाहीत, फोनकडे गेले. ओळखीच्या दवाखान्याची अॅम्ब्युलन्स होती, तिथे लावला. अॅम्ब्युलन्स दुसरा पेशंट सोडायला वापीला गेली होती, परत निघालीच आहे, म्हणाले.

“येतेय,” त्यांनी सांगितलं.

“बाबा, गाडी दारात आहे.”

“येतेय म्हणाले ना. त्यात ऑक्सिजन असतो, माणसं असतात. तू एकटी कशी नेशील?”

हे इतकं समजूतदारपणे बोलले ते, की श्रुतीला क्षणभर पटलं. तिने कुसुमताईंच्या डोक्याखाली उशी सारखी केली, ओठ पुसले, रांध्याच्या एका मैत्रिणीला फोन करून विचारलं. मैत्रीण ओरडली, थांबलीस कशाला? श्रुतीने दवाखान्यात पुन्हा फोन लावला. अॅम्ब्युलन्स रस्त्यात होती. पुन्हा लावला. अजून रस्त्यातच. रिक्षा बघायला ती कोपऱ्यापर्यंत धावली. तिथे पाण्याच्या पाइपसाठी सबंध रस्ता खणून ठेवला होता, मुरमाचे ढीग पडले होते, रिक्षा कुठली यायला. एका कडेने गाडी जाईल एवढीच वाट होती. ती परत आली तेव्हा पहिल्या फोनला तास होऊन गेला होता आणि रघुनाथराव गेटमध्ये उभे होते, रस्त्याकडे बघत.

“किल्ली द्या.”

“बाहेर सगळा मुरूम आहे, श्रुती. कोटिंग आजच...” ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं असावं. पण तोंडातून पुढचं वाक्य निघालंच. “अजून सुकलेलं नाही.”

श्रुती आत गेली, कपाटाला कुलूप होतं. देवघरातली पितळी समई उचलून तिने हॅन्डलवर घाव घातले. तीन-चार घावांत दार वाकलं. किल्ली रुमालात गुंडाळून, स्वप्नीलच्या घड्याळाशेजारी ठेवलेली होती.

कुसुमताईंना दोघांनी मिळून उचललं. रघुनाथरावांनी खांद्यांकडून धरलं होतं आणि ते रडत होते. एवढं झाल्यावर त्यांनी अडवलं नाही. मागच्या सीटवर प्लास्टिक अजून तसंच होतं. कुसुमताईंचं अंग त्याच्यावरून घसरायला लागलं, तेव्हा ते आत शिरले आणि त्यांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं. श्रुतीने लाथेने ठोकळे उडवले. गेटमधून वळताना घाईत खांब मागच्या दाराला लागला आणि टोकापर्यंत घासत गेला, कापड फाटावं तसा आवाज आला. तिने ब्रेक दाबला नाही.

रुग्णालयात माणसं धावत आली. स्ट्रेचर आत गेलं. कॅज्युअल्टीच्या दारात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून, औषधं कुठली, सोबत कोण. श्रुतीने “बाबा” म्हणून मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. काचेच्या दारातून बाहेरची गाडी दिसत होती. रघुनाथराव मागच्या दाराशी वाकले होते आणि खिशातल्या रुमालाने, हळूहळू, ती जागा पुसत होते.

श्रुती बघत राहिली. मग तिने डॉक्टरांकडे तोंड केलं आणि म्हणाली, “मीच आहे. मला सांगा.”

स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते म्हणाले, पण त्याला वेळेची मर्यादा असते. त्रास जेवणाच्या वेळी सुरू झाला असेल तर ती वेळ टळून गेली. “तासभर आधी आणलं असतंत तर देता आलं असतं. काही सांगता येत नाही, पण प्रयत्न करता आला असता.”

श्रुतीने ते कोणाला सांगितलं नाही. पण जपून ठेवलं. घरात रघुनाथरावांना जेवायला वाढताना, औषधांच्या वेळा सांगताना, ते वाक्य तिच्या जिभेवर असायचं. एक दिवस मी हे तुमच्या पुढ्यात टाकीन, तिला वाटायचं. ते बोलायची वेळ येणार आहे या विचाराने तिला बळही यायचं, आणि त्या बळाची लाजही वाटायची.

कुसुमताई वाचल्या. उजवी बाजू गेली, ती गेलीच. बोलणं म्हणजे दोन-तीन आवाज. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी वापीला न्यावं लागे. श्रुतीने नोकरीत अर्धा वेळ मागून घेतला आणि निळी गाडी चालवायला लागली. पुढे कुसुमताई पट्ट्याने बांधलेल्या, मागे घडीची व्हीलचेअर. मागच्या दारावर फाटलेली फिल्म वाऱ्याने फडफडायची, आत रंगाला पत्र्यापर्यंत खोल चर पडला होता. ललितने फुकट दुरुस्त करून देतो म्हणून दोनदा निरोप पाठवला. कोणी गेलं नाही.

रघुनाथराव मात्र त्या गाडीत बसत नव्हते. दोघी निघाल्या की ते बसने मागून वापीला यायचे. घामाघूम होऊन पोहोचायचे आणि व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचे. गाडीला त्यांनी पुन्हा फडकं लावलं नाही. कव्हर माळ्यावर, जुन्या डब्यांमागे गेलं. श्रुती त्यांना चला म्हणत नव्हती.

थंडीतली सकाळ होती. आतमध्ये एक तरुण बाई कुसुमताईंची बोटं एकेक करून उघडत होती. बाकावर रघुनाथराव आणि श्रुती, मध्ये पाण्याची बाटली.

“श्रुती,” ते म्हणाले, “एक विचारू?”

“विचारा.”

“मी लगेच किल्ली दिली असती तर तिला बोलता आलं असतं?”

हीच ती वेळ होती. इतके महिने तिने हे वाक्य घोळवलं होतं, किती प्रकारांनी, कुठल्या सुरात. आता ते समोर उघडं पडलं होतं आणि तिला त्यात काही गोड लागेना. तिने बाजूला बघितलं. त्यांनी दाढी केलेली नव्हती. सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. बटणं नीट लागलीत का ते आधी रोज सकाळी कुसुमताई बघायच्या. माहीत नाही म्हणावं, देवाची मर्जी म्हणावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण हा माणूस खोट्यावर वर्षभर जगला होता, आणि त्या खोट्याला तिनेही ललितसमोर मान डोलावली होती.

“डॉक्टर म्हणाले होते,” ती म्हणाली, “तासभर आधी आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. मग कदाचित. नक्की नाही, बाबा. पण कदाचित, हो.”

त्यांनी मान हलवली. एकदा, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. रडले नाहीत. श्रुतीने बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

मग ते उठले, दार ढकलून आत गेले आणि त्या तरुण बाईला म्हणाले, “हे बोटं उघडायचं मला शिकवा. घरी मी करीन.”

कुसुमताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हात मात्र टेबलावर होता, हलवता येत नव्हता, तिथेच राहिला. रघुनाथराव स्टुलावर बसले. अंगठा असा धरा, बाई सांगत होती, जोर नका लावू, हळू. त्यांनी अंगठा धरला.